म्हैस काय म्हणाली

सदाशिव पेठेतल्या एका पुस्तकांच्या दुकानात मी सत्तावीस वर्षं नोकरी केली. आत शिरल्यावर डाव्या हाताला, जिन्याखाली, लहान मुलांच्या पुस्तकांचं टेबल होतं. ते माझं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी निघणारी नवी चित्रपुस्तकं बघायची, त्यातली बरी निवडायची आणि गिऱ्हाइकाला 'हे घ्या' म्हणून सांगायचं, हे माझं काम. 'कित्ती छान! दिवसभर नुसती चित्रं बघायची!' असं मला कितीतरी बायकांनी हेव्याने म्हटलं असेल. प्रत्यक्षात हे काम जकात नाक्यावरच्या माणसाचं आहे. समोर येणारी प्रत्येक गाडी साळसूद दिसते, आणि तरी प्रत्येकीची ताडपत्री उचलून बघावी लागते.

चित्रपुस्तक तपासायचं कसं, ते थोडक्यात सांगते. आधी मजकुरावर तपकिरी कागदाची पट्टी ठेवायची आणि नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जायचं. ज्या मुलासाठी हे पुस्तक आहे त्याला अक्षरं येत नाहीत, तेव्हा आपणही पाच मिनिटं अडाणी व्हायचं. चित्रांनी काही सांगितलं तर ठीक. मग पुस्तक पूर्ण उघडून मधली शिवण बघायची. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात नेमकं नायकाचं नाक शिवणीत गेलेलं असतं. मग प्राण्यांचे पाय बघायचे. गाय बसताना पाय कसे दुमडते, हे न बघताच गाय काढणारे चित्रकार पुष्कळ. सगळ्यात शेवटी पट्टी काढून मजकूर वाचायचा, आणि शेवटचं पान दोनदा, कारण उपदेश दबा धरून तिथेच बसलेला असतो. मलपृष्ठावर 'हसत-खेळत संस्कार' असे शब्द दिसले की मी खुर्ची पुढे ओढून नीट बसायची.

मी पुस्तकांवर संशय घेई आणि गिऱ्हाईक माझ्यावर. 'तुम्हीच हे पुस्तक का सुचवताय? प्रकाशक ओळखीचे वाटतं?' हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येई. कर्वेनगरच्या एक बाई पुस्तक उलटसुलट करून म्हणाल्या होत्या, "पानं चोवीस आणि अक्षरं एवढीच? बाकीची कुठे गेली?" एकदा एका दुपारी ओळीने तीन बायका आल्या आणि तिघींनी एकाच पुस्तकाबद्दल अगदी एकाच शब्दांत विचारलं, 'सध्या ज्याची फार चर्चा आहे ते पुस्तक आहे का हो?' चौथीला पुस्तकाचं नाव आठवेना, म्हणून तिने पर्समधून चिठ्ठी काढली. चिठ्ठीवरचं अक्षर मी ओळखलं. त्याच अक्षरातलं लेखकमहाशयांचं पत्र माझ्या खणात पडलेलं होतं.

या सगळ्याची मला सवय झाली होती. एका प्रश्नाची मात्र कधी झाली नाही. 'तुम्हाला मुलं किती?' मी लग्न केलेलं नाही. तसं सांगितलं की समोरचा माणूस हातातलं पुस्तक हळूच टेबलावर ठेवी. काहीजण बोलूनही दाखवत, "मग तुम्हाला कसं कळणार?" वरवर मी हसायची. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र वाटायचं, खरंच, कसं कळणार?

दुकानातर्फे दर महिन्याला आम्ही एक कागद छापायचो. 'नवी चित्रपुस्तकं' असं त्याचं नाव. प्रत्येक पुस्तकावर माझ्या चारपाच ओळी. तो कागद सभासदांना, वाचनालयांना, बालवाड्यांना पोस्टाने जाई, आणि माझ्या ओळी वाचून लोक पुस्तकं मागवत. त्या ओळींच्या मागे एखादं तरी जिवंत मूल असावं, असं मला फार वाटे. म्हणून मी बालवाडी शोधायला लागले, आणि हडपसरच्या तांबोळीबाई मला भेटल्या.

शमीम तांबोळी. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, सडपातळ, डोक्यावरून पदर, आवाज खालच्या पट्टीतला. त्यांच्या घराण्याच्या चारपाच पिढ्या पुण्यातच गेल्या होत्या आणि त्यांचं मराठी माझ्या भावजयीपेक्षा शुद्ध होतं. एका संस्थेची बालवाडी त्या हडपसरला चालवायच्या. तेव्हा हडपसर अजून अर्धं गाव होतं. कालव्याच्या अलीकडे वसाहती, पलीकडे मळे. वर्गात शेतकऱ्यांची मुलं, मंडईत भाजी नेणाऱ्यांची, कारखान्यात जाणाऱ्यांची.

आमचं ठरलं असं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यांनी दुकानात यायचं, नवी पुस्तकं कापडी पिशवीतून न्यायची, मुलांसमोर वाचायची, आणि मुलं काय म्हणाली ते वहीत लिहून पुस्तकांसोबत आणून द्यायचं. "तुमचं मत नको," मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मुलं काय म्हणतात तेवढं लिहा."

"फक्त मुलांचं," त्या म्हणाल्या. "बरं."

ती टिपणं वाचून मी हरखून गेले. 'पान सहा. राणी उठून उभी राहिली. म्हणाली, तो गेला नाही, तो लपलाय.' 'पान नऊ. कुणी हसलं नाही. मी हसले, मग दोघं माझ्याकडे बघून हसले. ते धरू नये.' असं प्रामाणिक लिहिणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मुलांची वाक्यं मी माझ्या ओळींत घालू लागले आणि कागदाला धार आली. पत्रं येऊ लागली. मुलं किती, हा प्रश्न विचारणं लोकांनी बंद केलं. पाच वर्षं हे असं सुरळीत चाललं.

मग 'चंद्रीची आंघोळ' हे पुस्तक आलं.

चंद्री ही म्हैस. ती कालव्याच्या पाण्यात बसली आहे, नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर, आणि काठावर एक मुलगी तिला बोलावते आहे. पानोपानी मुलगी चिडत जाते, म्हैस ढिम्म. शेवटच्या मोठ्या चित्रात मुलगीही पाण्यात आहे. दोघींची डोकी तेवढी वर, आणि दोघींचे डोळे सुखाने मिटलेले. चित्रकार कुणी नवा मुलगा होता. म्हैस त्याने तासन्‌तास बघितलेली असणार. मी पट्टी ठेवून चित्रं बघितली आणि खूश झाले. दिवाळी महिन्यावर आली होती, टेबलापुढे गर्दी होती. मजकूर नंतर वाचू म्हणून पट्टी तशीच ठेवून पुस्तक मिटलं. तेवढ्यात तांबोळीबाई आल्या आणि एकुलती एक प्रत त्यांच्या पिशवीतून हडपसरला गेली. ती परत आली ती कागद छापखान्यात जायच्या दिवशी. मी वही उघडली.

'शेवटचं पान. मुलगी म्हणते, येतेस की नाही? म्हैस म्हणते, मी नाही येत, तूच ये. इथे सगळी मुलं ओरडली. पाच वेळा वाचायला लावलं.'

चित्राला ही ओळ इतकी चपखल बसत होती की मी टेबलाशी एकटीच हसले. छापखान्याचा माणूस दाराशी उभा होता. मी ओळी लिहून दिल्या. शेवट असा केला, 'म्हैस म्हणते, मी नाही येत, तूच ये. या एका ओळीसाठी हे पुस्तक घ्या.'

पुस्तकाचा मजकूर मी वाचला नव्हता. ही गोष्ट आज इथे लिहायला जितकी सोपी वाटते तितकी तेव्हा नव्हती.

दिवाळी झाल्यावर श्री. आठवले दुकानात आले. निवृत्त इंजिनियर, राहणार कर्वेनगर, आमचे जुने सभासद. नातीसाठी पुस्तकं नेत. त्यांनी 'चंद्रीची आंघोळ' माझ्यापुढे ठेवलं, शेजारी आमचा छापील कागद ठेवला, आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं.

"आपण लिहिलंय, या एका ओळीसाठी हे पुस्तक घ्या."

"हो."

"घेतलं. आता ती ओळ तेवढी देता का?"

मला कळेना. ते म्हणाले, "अहो, पुस्तकात ती ओळ नाही. मी तीनदा वाचलं. एकदा वाचायचा चष्मा लावून, एकदा न लावता, आणि एकदा नातीच्या आईला वाचायला लावून."

"या प्रतीतलं पान गळलं असेल," मी म्हणाले.

"पानं मोजली. चोवीस आहेत. आवरणावरही चोवीसच छापलंय." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आपण वाचलं आहे ना हे पुस्तक?"

"हो तर," मी म्हणाले.

हे मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, याचं मला अजून नवल वाटतं. आठवले म्हणाले, "मग मला शोधून ठेवा. शनिवारी येतो." आणि गेले.

ते गेल्यावर मी पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदा मजकूर वाचला. 'चंद्री म्हैस होती घाणेरडी आणि हट्टी.' सुरुवातच अशी. पानोपानी ती घाण, आळशी, न ऐकणारी. आणि त्या शेवटच्या सुंदर चित्राखाली छापलेलं, 'मग मुलीने चंद्रीला स्वच्छ धुतले. मुलांनो, तुम्हीही रोज आंघोळ करता ना?' पुस्तक वाचलं असतं तर मी ते टेबलावरही ठेवलं नसतं. मी ते गावभर सुचवलं होतं.

माझा पहिला संशय प्रकाशकावर. आधी एक छापून मागाहून मजकूर बदलला असेल. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "छे हो, एकदाच छापलंय. तुमचं वाचून आम्हीच चक्रावलो. म्हटलं, ही ओळ आपल्या पुस्तकात कुठे आहे? पण तुम्ही इतकं छान लिहिलं होतंत, गप्प बसलो."

मग उरल्या तांबोळीबाई.

त्या रात्री मी पाच वर्षांच्या वह्या घरी नेल्या. आधी ज्या वाक्यांना मी भुलले होते तीच आता खटकू लागली. इतकी चांगली वाक्यं मुलं बोलतात? दुसऱ्या दिवशी ती दुकानातल्या पुस्तकांशी ताडून बघितली. पुस्तकातल्या पात्रांच्या तोंडी न छापलेली अशी वाक्यं आणखी दहाबारा सापडली. माझ्या ओळींत ती आली नव्हती एवढंच माझं नशीब. आणि ती राणी! पहिल्या वहीत राणी चार वर्षांची. दुसऱ्या वहीत चार वर्षांची. चौथ्या वहीतही चारच. मी पेन्सिलीने प्रत्येक राणीभोवती गोल काढला. माझ्या डोळ्यांपुढे चित्र तयार झालं. बाई पुस्तकं घरी नेतात, वर्गात नेतच नाहीत, आणि घरी बसून एक काल्पनिक राणी उभी करून वही भरतात. पाच वर्षं आपण फसलो.

शनिवारी आठवले यायचे होते. दोन वाचनालयांचीही पत्रं आली होती. त्या महिन्याच्या कागदात मी खुलासा घातला. 'चंद्रीची आंघोळ या पुस्तकाच्या शिफारशीतील ओळ हडपसरच्या बालवाडीकडून आलेल्या टिपणातून घेतली होती. सदर टिपण विश्वसनीय नव्हते. वाचकांनी क्षमा करावी.' तांबोळीबाईंना वेगळं कार्ड टाकलं, पुढील सूचना मिळेपर्यंत पुस्तकं देता येणार नाहीत.

आमच्या मालकांनी खुलासा वाचून मान डोलावली. "उत्तम. दुकानावर काही येत नाही." आठवल्यांनी तो उभ्याउभ्या वाचला.

"म्हणजे चूक त्या बाईंची."

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्यांच्या त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण त्याने मला आठवडाभर झोप लागू दिली नाही. टिपण विश्वसनीय नव्हतं असं आधी छापून मोकळी झाले आणि मग पुरावा शोधायला निघाले. हा क्रम उलटा आहे हे मला बसमध्ये बसतानाही कळत होतं.

हडपसरला गेले ती न कळवता. पर्समध्ये 'चंद्रीची आंघोळ' आणि सगळ्यात जुनी वही. बालवाडी एका शेतकऱ्याच्या आवारात होती, पूर्वी कांदा साठवायची ती लांबट खोली. दाराशी घरमालकीणबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कुनाकडं आलायसा?"

"तांबोळीबाईंकडे. पेठेतल्या पुस्तकाच्या दुकानातून आले."

त्यांचा हात थांबला. "पुस्तकं बंद केलीसा ती तुमीच व्हय? आत हाय बाई. जावा."

आत वीसएक मुलं सतरंजीवर बसली होती. तांबोळीबाई मला बघून उठल्या, पदर सारखा केला, म्हणाल्या, "या, बसा." चेहऱ्यावर काही नाही. मी बसले नाही. इन्स्पेक्टरसारखी उभी राहिले आणि पुस्तक पुढे केलं.

"मुलांना हे वाचून दाखवा. मला ऐकायचंय."

आवरण दिसताच मुलं पुढे सरकली. "म्हस! म्हस!" म्हणजे पुस्तक वर्गात आलं होतं, एवढं तरी खरं. तांबोळीबाईंनी पुस्तक छातीशी धरलं, चित्रं मुलांकडे, आणि पान उघडलं.

"ही कोण?"

"चंद्री!"

"काय करते?"

"बसली हाय!" "गार पान्यात!" "तिला उकडतंय!"

"आणि ही?"

"तिची पोरगी!" "तिला घरी जायचंय!"

छापलेला एकही शब्द त्यांनी उच्चारला नाही. पान उलटायचं, थांबायचं, विचारायचं. मुलं बोलत होती आणि बाई त्यातलं एखादं वाक्य उचलून पुन्हा म्हणत होत्या, की गोष्ट पुढे जाई. शेवटचं पान आलं. बाईंनी विचारलं, "मुलगी म्हणाली, येतेस की नाही? मग म्हैस काय म्हणाली?"

वीस मुलं छत उडेल अशी ओरडली, "मी न्हाय येत, तूच ये!"

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, पकडलं. मी म्हणाले, "तांबोळीबाई, आता जे छापलंय ते वाचा."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग पुस्तक स्वतःकडे वळवलं आणि पहिल्या ओळीपासून, स्वच्छ, सावकाश, एकही अक्षर न गाळता वाचलं. घाणेरडी चंद्री, हट्टी चंद्री, आळशी चंद्री. खोलीतला आवाज हळूहळू बसत गेला. मागची दोन मुलं सतरंजीचे धागे ओढायला लागली. वाचून संपलं तेव्हा पुढच्या रांगेतली, दोन वेण्या घातलेली एक लहानशी मुलगी म्हणाली,

"बाई, हे दुसऱ्या म्हशीचं हाय."

"हो गं राणी," तांबोळीबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच म्हशीचं आहे."

मी वहीवर हात ठेवला. "हीच ती राणी? पाच वर्षांपूर्वी चार वर्षांची होती ती?"

तेव्हा त्या पहिल्यांदा किंचित हसल्या. "ती राणी आता तिसरीत आहे. तिच्यानंतर दोन झाल्या, ही चौथी. आमच्या वस्तीत दर घरात एक राणी आहे, बाई. हवं तर पटावर बघा."

पट त्यांनी समोर ठेवला. मी बघितला नाही.

मुलं खाऊ खायला अंगणात गेली. तांबोळीबाईंनी चहा मागवला. मी विचारलं, "तुम्ही छापलेलं का वाचत नाही?"

"वाचते. पहिल्यांदा दर पुस्तक वाचतेच. चांगलं असेल तर मुलं तेच पुन्हा मागतात. हे वाचलं तेव्हा पहिल्याच पानाला राणी म्हणाली, आमची म्हस घान न्हाय. तिच्या घरी दोन म्हशी आहेत, बाई. रोज सकाळी ती आईबरोबर कालव्यावर जाते. मग मी वाचणं थांबवलं आणि विचारलं, बरं, तू सांग काय झालं. ती ओळ तिचीच आहे. बोली मी वहीत सुधारून लिहिली, तेवढा दोष माझा."

"पण तुम्ही लिहिलंत, म्हैस म्हणते. पुस्तकात ती तसं म्हणत नाही. एवढं तरी लिहायचं."

त्या खरोखर गोंधळल्या. म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होता, फक्त मुलांचं लिहा. पुस्तकात काय आहे ते तुम्हाला माहीत असणार ना! तुम्ही ते वाचूनच माझ्याकडे देत होता."

मी चहाचा कप खाली ठेवला. खोलीत कांद्याचा जुना वास होता. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पाच वर्षं त्यांनी माझ्यावर एवढा साधा विश्वास ठेवला होता.

"हे नव्हतं वाचलं," मी म्हणाले.

त्यांनी उठून कपाट उघडलं, एक पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं. आत आमचा छापील कागद होता, खुलाशाखाली लाल रेघ मारलेला, आणि संस्थेचं पत्र. बालवाडीच्या शिक्षिकेने खोटी टिपणं दिल्याचं समजतं, आठ दिवसांत लेखी उत्तर द्यावं, पुढच्या वर्षीची नेमणूक त्यावर अवलंबून राहील.

"पाच दिवस झाले," त्या म्हणाल्या. "काय लिहायचं ते सुचत नाही. मी काय केलं हेच मला कळलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, काय लिहू?"

"तुम्ही काही लिहू नका," मी म्हणाले. "मी लिहिते."

परतीच्या बसमध्ये मला सारखं एकच वाटत होतं, की मी पुस्तकांच्या प्रत्येक पानावर संशय घेतला, लेखकांवर घेतला, प्रकाशकांवर घेतला, एका बालवाडीच्या बाईवर तर पेन्सिलीने गोल काढकाढून घेतला. स्वतःवर घ्यायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तोंडी काय उपयोग? छापलं होतंत ना? छापूनच द्या."

मालक ऐकेनात. "तुम्हाला वेड लागलंय का? शिफारस करणारीने पुस्तक वाचलं नव्हतं असं आपणच छापायचं? उद्या या टेबलाशी कोण उभं राहील?"

"ते छापलं नाही तर परवापासून मी उभी राहणार नाही," मी म्हणाले. माझ्या आवाजाची मलाच भीती वाटली. घरी आई आजारी होती आणि नोकरीची गरज मला मालकांपेक्षा जास्त होती.

महिन्याच्या कागदाची वाट न बघता वेगळा कागद छापला आणि सगळ्यांना पाठवला. 'चंद्रीची आंघोळ या पुस्तकाची शिफारस मी मजकूर न वाचता केली होती. चूक सर्वस्वी माझी आहे. श्रीमती तांबोळी यांच्या टिपणातले शब्द त्यांच्या वर्गातल्या मुलांचे आहेत. त्यांना अविश्वसनीय म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.' खाली माझं पूर्ण नाव. तो कागद संस्थेला मी स्वतः नेऊन दिला. आठ दिवसांच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता.

तांबोळीबाईंची नेमणूक राहिली. माझी नोकरीही राहिली, पण पुढचे सहा महिने कागदावर माझं नाव छापलं गेलं नाही, आणि मालक पुस्तक हातात घेऊन विचारत, "हे वाचलंय ना?" बरेच सभासद गळाले. आठवले मात्र आले. खुलासा त्यांनी वाचलेला होता.

"म्हणजे तेवढा महिना मी एकटाच पुस्तक वाचत होतो," ते म्हणाले.

"हो."

"आता आपण सुरुवात केली आहे, तर एखादं सुचवा." मी सुचवलं. त्यांनी तिथेच स्टुलावर बसून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मगच घेतलं. पुढे कायम तसंच करत.

हडपसरला मी पुस्तकं घेऊन गेले, माफी मागितली. तांबोळीबाईंनी पुस्तकं घेतली, मोजून कपाटात ठेवली. मी नवी वही पुढे केली तेव्हा मात्र त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली.

"पुस्तकं मुलांसाठी आहेत, ती मी वाचीन. लिहिणार मात्र नाही. तुम्हाला हवं असेल तर तुम्ही येऊन बसा आणि लिहा."

त्यांचं मन वळेल असं मला बरेच दिवस वाटत राहिलं. वळलं नाही. तसली टिपणं मला पुन्हा कुणाकडून मिळाली नाहीत, आणि ते नुकसान माझ्या हाताने झालेलं आहे. मग मी दर महिन्याला एक सकाळ सुट्टी काढून बसने जाऊ लागले. सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, मांडीवर वही. दुकानात बसून वीस वर्षांत कळलं नव्हतं ते तिथे कळत गेलं. मुलं पुस्तकाला हसण्याआधी एकमेकांकडे बघतात. आवडलेलं पान ती घाईने उलटू देत नाहीत, हाताने दाबून धरतात. आणि मोठी माणसं जिथे 'वा' म्हणतात तिथे मुलं बहुधा दुसरंच काही बघत असतात.

तांबोळीबाई माझ्याशी नीट बोलत, चहा देत, आणि तेवढंच. माझ्या वहीकडे त्या कधी बघत नसत, किंवा बघत नाहीत असं मला वाटत असे.

दोनेक वर्षांनी, एका सकाळी, त्या मांजराच्या पिल्लाचं एक नवं पुस्तक दाखवत होत्या. एका मुलीने पिल्लाकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं, मी ते लिहून घेतलं. वाचन थांबलं. मान वर केली तर तांबोळीबाई मुलांमधून वाट काढत माझ्याकडे येत होत्या. त्यांनी वाकून वहीत बघितलं आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं.

"'घाबरलं' नाही म्हणाली ती. 'दचकलं' म्हणाली. घाबरणं वेगळं."

मी शब्द खोडला, वर 'दचकलं' लिहिलं, आणि वही त्यांच्याकडे वळवून धरली. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ पहिल्यापासून वाचली, मान हलवली, आणि मगच पुढचं पान उलटायला गेल्या.